हंसऱ्या चेहऱ्याची मजुरी

कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी कशी ठरते, हें बुलढाणा जिल्ह्यांत लहान मुलालाहि ठाऊक असतें. संध्याकाळीं गांठोडें काट्यावर चढतें, किलोचा आंकडा सांगितला जातो, आणि त्या आंकड्याप्रमाणें पैसे हातांत पडतात. तिची कंबर किती दुखली, बोंडांच्या टोंकांनीं बोटें किती ओरखडलीं, याचा हिशेब तो कांटा करीत नाहीं हें खरें. पण श्रम झाले, एवढें तरी तो कबूल करतो. आतां त्याच जिल्ह्यांतील दुसरीं माणसें पाहा. तहसील कचेरीच्या खिडकीमागें बसलेला कारकून, मेहकरहून खामगांवकडे निघालेल्या एस्. टी. गाडीचा वाहक, सरकारी दवाखान्यांतील परिचारिका, पतसंस्थेच्या काउंटरवरील मुलगी, खेड्यांत घरोघर हिंडणारी आशा सेविका. यांनाहि दिवसभर एक ओझें वाहावें लागतें. समोरचा मनुष्य कितीहि तिरसट बोलला तरी आपला आवाज चढूं द्यावयाचा नाहीं. तोच प्रश्न पन्नासाव्या वेळीं विचारला गेला तरी पहिल्या वेळचीच शांति दाखवावयाची. घरीं मूल तापानें फणफणलें असलें तरी चेहऱ्यावर त्याची सांवली पडूं द्यावयाची नाहीं. हें ओझें कोणत्याच कांट्यावर चढत नाहीं. संध्याकाळीं तीं माणसें घरीं येतात, मुकाट्यानें एका कोपऱ्यांत बसतात, आणि घरांतून प्रश्न येतो, "बसून तर काम असतें, थकायला काय झालें?"

प्रश्न दुष्टपणाचा नसतो. पण त्याचें उत्तर शोधण्यांत मानसशास्त्रज्ञांचीं व समाजशास्त्रज्ञांचीं गेल्या पन्नास वर्षांतलीं पुष्कळशीं वर्षें खर्ची पडलीं आहेत, आणि तें उत्तर आपल्या घरांपर्यंत अद्याप यावें तसें आलेलें नाहीं.

कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विदुषी आर्ली हॉकशील्ड यांनीं १९८३ सालीं या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यासाठीं त्यांनीं 'डेल्टा' या विमान-कंपनींतील हवाई सुंदरींचें शिक्षण जवळ बसून पाहिलें. त्या मुलींना शिकविण्यांत येई कीं, विमान म्हणजे तुमच्या घराचा दिवाणखाना आणि प्रवासी म्हणजे तुमच्या घरीं आलेला पाहुणा असें समजा. एखादा प्रवासी अंगावर आला, तर त्याच्यावर कांहीं मोठें संकट कोसळलें असेल अशी कल्पना करा, म्हणजे राग येणार नाहीं. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्यासारख्यांना यांत वावगें असें कांहींच दिसणार नाहीं. हॉकशील्डबाईंना मात्र त्यांत एक निराळीच गोष्ट दिसली. घरच्या पाहुण्याला दिलेलें हंसूं आपलें असतें; तें द्यावें कीं न द्यावें हें आपल्या हातीं असतें. विमानांतलें हंसूं कंपनीनें विकत घेतलेलें असतें, व तें कमी पडलें तर तक्रार होते. हात विकणाऱ्याचा हात दुखतो, हें कोणालाहि समजतें. मग जो आपली मुद्रा आणि मुद्रेमागची भावना पगारावर देतो, त्याचें काय दुखत असेल? या श्रमांना त्यांनीं जें नांव दिलें, त्याला मराठींत आपण 'भावश्रम' म्हणूं.

याच पुस्तकांत दुसऱ्या एका पेशाचाहि विचार आहे, आणि आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें तो अधिक जवळचा आहे. तो म्हणजे थकलेल्या रकमा वसूल करणाऱ्यांचा. हवाई सुंदरीला मनांत नसलेला जिव्हाळा आणावा लागतो, तर वसुली-कारकुनाला मनांत असलेला जिव्हाळा दाबून टाकावा लागतो. २००६ सालीं पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा जिल्हा होता. अशा मुलुखांत कर्जाची नोटीस घेऊन एखाद्याच्या अंगणांत उभें राहणारा कारकूनहि बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. पावसानें दगा दिला म्हणजे काय होतें, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तरीहि त्यानें आवाजांत करडेपणा आणलाच पाहिजे. नाहीं तर त्याचीच नोकरी जावयाची. त्याच्यावर बसणारे शिव्याशाप सर्वांच्या कानीं पडतात. त्याच्या मनांतल्या ओढाताणीची दखल सहसा कोणी घेत नाहीं.

मनांत एक आणि मुखावर दुसरें, अशी स्थिति असतां माणूस दोन रीतींनीं वागूं शकतो. एक तर केवळ ओंठ, भिंवया आणि आवाज यांना कामाला लावावयाचें. आंत राग तसाच ठेवावयाचा. किंवा मनालाच वळवून, समजावून, खरोखर ती भावना उत्पन्न करावयाची. हॉकशील्डबाईंनीं हा भेद रशियन नाट्याचार्य स्तानिस्लाव्स्की यांच्यापासून घेतला. पण नाट्यशास्त्राशीं परिचय असलेल्या आमच्या वाचकांना तो नवा वाटूं नये. भरतानें आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चतुर्विध अभिनय सांगितला, त्यांतील सात्त्विक अभिनय एकाग्र झालेल्या मनावांचून साधत नाहीं. खरा अश्रु, खरा रोमांच हे नुसत्या स्नायूंना हुकूम देऊन येत नाहींत. तेव्हां आजच्या परिभाषेंतील 'वरवरचा अभिनय' म्हणजे नुसता आंगिक आणि वाचिक, व 'खोल अभिनय' म्हणजे ज्यांत सत्त्व ओतलें आहे असा, असें ढोबळमानानें म्हणावयास हरकत नाहीं. २०११ सालीं ह्युल्शेगर आणि शेवे या दोघी संशोधकांनीं या विषयावरील ९५ अभ्यास एकत्र करून तपासले. वरवरच्या अभिनयाबरोबर मनाचा थकवा आणि कामाविषयींची विरक्ति हीं ठळकपणें आढळलीं; खोल अभिनयाच्या बाबतींत तसें फारसें दिसलें नाहीं. याचा अर्थ असा कीं, मनुष्याला नुसतें हंसणें थकवीत नाहीं. राग गिळून हंसणें थकवितें.

१२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'संगीत मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, आणि तरीहि ते रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीकत मराठी घरांतून शंभर वर्षें आदरानें सांगितली जात आहे व ती तशीच सांगितली जावी. परंतु त्या रात्रीं जें करावें लागलें, त्याचें मोल प्रेक्षकांनीं पिढ्यान्‌पिढ्या चुकतें केलें, हेंहि विसरतां कामा नये. एस्. टी.च्या वाहकाची गोष्ट तशी नाहीं. आमच्या जिल्ह्याची रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव अशी घाटाखालून निघून जाते. खामगांवला एक फांटा येतो, आणि खुद्द बुलढाण्याला आगगाडी नाहींच. घाटावरची सारी ये-जा मुख्यतः एस्. टी.वर. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीवरील वृद्धांना फुकट, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटांत प्रवास मिळूं लागला. दोन्ही निर्णय लोकांच्या सोयीचे, यांत वाद नाहीं. पण वय सिद्ध करणारें कार्ड घरीं विसरलेल्या आजोबांना 'आपणांस पूर्ण तिकीट पडेल' हें सांगावयाचें कोणीं? तर वाहकानें. तें सांगतांना मागच्या गर्दीची बोलणीं ऐकावयाचीं कोणीं? त्यानेंच. त्याच्या गाडींत टाळी वाजत नाहीं आणि पडदाहि पडत नाहीं; चिखलीचा थांबा संपला कीं पुढचा येतो.

असें दिवसेंदिवस चालल्यावर काय होतें, त्याला इंग्रजींतून आलेला 'बर्नआउट' हा शब्द आतां आपल्याकडेहि रूढ झाला आहे. त्याचा अर्थ जळून जाणें असा करतात. आमच्या मतें स्वयंपाकघरांतला शब्द अधिक नेमका आहे. दूध मंद आंचेवर फार वेळ राहिलें आणि कोणीं ढवळलें नाहीं, म्हणजे तें बुडाला लागतें. वरून पाहावें तों पांढरें शुभ्र. साय देखील धरलेली. करपल्याचा वास मात्र सगळ्या दुधाला लागलेला. १९८१ सालीं क्रिस्टिना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनीं ही अवस्था मोजण्यासाठीं २२ विधानांची एक कसोटी तयार केली. तिच्यांत तीन लक्षणें पाहतात. पहिलें, मनाचा असा थकवा कीं जो रात्रीच्या झोंपेनें जात नाहीं. दुसरें, समोरचा मनुष्य मनुष्य न वाटतां नुसता नंबर, नुसती कटकट वाटूं लागणें. तिसरें, आपल्या हातून कांहींच चांगलें होत नाहीं असें वाटणें. यांतील दुसरें लक्षण आम्हांस सर्वांत भयंकर वाटतें. चांगली परिचारिका एके दिवशीं रुग्णाला 'सात नंबरची खाट' म्हणूं लागते, आणि आपण म्हणतों, काय उर्मट बाई आहे! ती उर्मट नसते. तिच्याजवळचें सारें संपलेलें असतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणाची जी नवी आवृत्ति मंजूर केली आणि जी १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली, तिच्यांत या अवस्थेचा समावेश आहे. पण रोग म्हणून नव्हे. कामाच्या जागीं दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न आवरलेल्या ताणांतून उद्भवणारी ती एक अवस्था आहे, असें तेथें म्हटलें आहे. हा भेद शब्दच्छल नाहीं. रोग म्हटला कीं औषध माणसाला द्यावयाचें. कामाच्या जागेंतून उद्भवलेली अवस्था म्हटली कीं आधीं ती जागा तपासावी लागते.

येथें घरांतलें कोणी वडील माणूस हटकून म्हणेल, "अहो, त्याच कचेरींत दुसराहि बसतो, त्याला कांहीं होत नाहीं. शेवटीं स्वभावाचाच प्रश्न!" या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. स्वभावाचा अभ्यास करणारे आतां बहुधा पांच अंगांनीं तो पाहतात: नव्याची ओढ, दक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि मनाचा हळवेपणा. जे सहज अस्वस्थ होतात, ज्यांच्या मनांत झालेली गोष्ट घोळत राहते, ते लवकर करपतात, असें पुष्कळ अभ्यासांत दिसून आलें आहे. आणि जे माणसांत रमतात ते अधिक टिकतात, असेंहि. पातळ बुडाचें पातेलें जाड बुडाच्या पातेल्याआधीं लागतें, हें खरेंच. पण शेगडी कोणीं पेटविली, आणि ती किती वेळ पेटती ठेवली, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. शिवाय कचेऱ्यांतून एक गंमत नेहमीं घडते. ज्याचा स्वभाव गोड, त्याच्याच खिडकीसमोर रांग लांब. तिरसट माणसाकडे कोणी जात नाहीं, वरिष्ठहि तंटेखोर पक्षकार त्याच्याकडे पाठवीत नाहींत. ते पाठवितात सौम्य माणसाकडे, 'तुम्हांला जमतें हो' असें म्हणून. अशा रीतीनें सौजन्याला बढती मिळत नाहीं, जादा काम मिळतें.

आतां या जिल्ह्यांतील एका जागेकडे वळूं. भावश्रमांचें काम तेथें अहोरात्र चालतें, आणि तरीहि तेथील माणसें करपलेलीं दिसत नाहींत. शेगांवच्या श्रीगजानन महाराज संस्थानांत जाऊन आलेला मनुष्य दर्शनाइतकाच तेथील सेवेकऱ्यांविषयीं बोलतो. पांढऱ्या वेषांतील हे लोक रांगेतल्या गर्दीला, चपलांच्या जागीं, प्रसादाच्या पंक्तींत, प्रत्येकाला 'माउली' म्हणून हांक मारतात. उत्सवाच्या दिवशीं लोटलेली गर्दी, रडणारीं पोरें, पुढें घुसणारे शहाणे हें सारें तेथेंहि असतेंच. कैलासवासी शिवशंकरभाऊ पाटील यांनीं अनेक दशकें ही व्यवस्था वाढविली. ४ ऑगस्ट २०२१ रोजीं ते वारले, तरी ती चालू आहे.

याचें कारण विचारलें तर कोणीहि सांगेल, 'भक्ति!' तें उत्तर आम्ही नाकारीत नाहीं. ज्याला येणाऱ्यांत खरोखरच माउली दिसते, त्याला वरवरचा अभिनय करावाच लागत नाहीं. परंतु एवढेंच कारण मानलें, तर एक अडचण येते. 'बर्नआउट'वरचा पहिला गाजलेला निबंध न्यूयॉर्कचे मनोवैद्य हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनीं १९७४ सालीं लिहिला, आणि तो पगारी नोकरांना पाहून लिहिलेला नव्हता. गोरगरिबांसाठीं चालविलेल्या एका मोफत दवाखान्यांत स्वेच्छेनें राबणाऱ्या तरुणांना त्यांनीं करपतांना पाहिलें. ते स्वतःहि आपला दिवसाचा व्यवसाय आटोपून रात्रीं तेथें काम करीत. म्हणजे ज्यांच्या अंगीं सेवाभाव ओतप्रोत होता, तींच माणसें आधीं संपलीं. निष्ठा ही कवच नव्हे. पुष्कळदां तीच माणसाला 'आतां पुरे' म्हणूं देत नाहीं.

मग शेगांवांत निराळें काय आहे? आमच्या समजुतीप्रमाणें भक्तीच्या जोडीला तेथें एक साधी व्यवस्था आहे. सेवेकरी ठराविक दिवसांसाठीं, पाळीनें येतात. पाळी संपली कीं ते आपल्या गांवीं, आपल्या शेतावर वा दुकानांत परत जातात. सहा दिवस गोड बोलून थकलेल्या मनाला औतामागें चालणें ही विश्रांति असते, कारण बैलाला हंसून दाखवावें लागत नाहीं. दुसरें, त्यांची भाकरी त्या हंसण्यावर अवलंबून नसते. तिसरें, हात पुष्कळ; एकट्यावर सारी रांग येत नाहीं. आणि चौथें, 'माउली' म्हटल्यावर समोरचाहि नरमतो, बहुधा उलट 'माउली'च म्हणतो. आदर एकाच दिशेनें वाहत नाहीं. २००१ सालीं जर्मनींत झालेल्या अभ्यासावरून एव्हांगेलिया डेमेरूटी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें मांडलें कीं, कामाच्या मागण्या एका पारड्यांत व कामांतले आधार दुसऱ्या पारड्यांत घालून पाहावें. मागण्या वाढून आधार घटले कीं मनुष्य करपतो. शेगांवीं मागण्या थोड्या नाहींत, पण आधाराचें पारडें भरलेलें आहे.

याच्या अगदीं उलट चित्र पाहावयास शेगांवपासून फार दूर जावें लागत नाहीं. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत साधारण हजार वस्तीमागें एक आशा नेमण्याची योजना झाली. तिलाहि कागदोपत्रीं स्वयंसेविकाच म्हणतात. शब्द एकच, पण तिची पाळी कधीं संपत नाहीं. बाळंतपणासाठीं रात्रीं दोन वाजतां दार वाजतें. २०२० च्या सप्टेंबरांत 'माझें कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हां साथीच्या भीतीनें दारें लावून घेणाऱ्या लोकांच्या उंबऱ्यावर उभें राहून गोड बोलण्याचें काम तिच्याकडे आलें. जिनें दार लावलें ती दुसऱ्या दिवशीं नळावर भेटतेच. गांव सोडून परत जावयास तिला दुसरें गांव नाहीं. मोबदला कामागणिक तुकड्यातुकड्यांनीं, आणि तोहि पुष्कळदां उशिरा. २०२२ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०२१ सालीं, आणि पुन्हां २०२३ सालीं महाराष्ट्रांतील आशांना मोबदल्यासाठीं संप करावा लागला. गौरव आणि संप यांमध्यें जें अंतर आहे, तेवढेंच तिच्या दोन्ही पारड्यांमध्यें आहे.

हा सारा विचार कचेरीपुरताच ठेवतां आला असता, तर बरें झालें असतें. पण हॉकशील्डबाईंनीं १९८९ सालीं दुसरें पुस्तक लिहिलें, तें घराविषयीं. नोकरी करणाऱ्या स्त्रीची दुसरी पाळी घरीं आल्यावर सुरू होते, असा त्याचा विषय. अमेरिकेंतील त्या घरांत नवरा, बायको आणि मुलें एवढींच माणसें होतीं. आमच्या वाचकांचीं घरें भरलेलीं असतात, आणि म्हणून तेथें दोन गोष्टी संभवतात. खामगांवच्या एखाद्या बँकेंतून सायंकाळीं सहाला परतणारी सून डोळ्यांपुढें आणा. घरांत सासूसासरे, दीर, जाऊ, मुलें, आणि बहुधा कोणी तरी आलें-गेलें. एवढे हात असल्यामुळें तें घर तिच्यापुरतें शेगांव होऊं शकतें: चहा दुसऱ्या कोणीं टाकला, पाहुण्यांशीं दुसरें कोणी बोललें, ती अर्धा तास न बोलतां माडीवर बसली तरी कोणीं कांहीं मनांत आणलें नाहीं. किंवा तेवढींच तोंडें असल्यामुळें तें घर बँकेची दुसरी खिडकी होतें: दारांत पाऊल टाकतांच प्रत्येकाला निराळें हंसूं द्यावयाचें, आणि एकाला कमी पडलें कीं रात्रीं त्याची चर्चा. 'बाहेर लोकांशीं कशी हंसून बोलते, घरीं आली कीं तोंड पाडून!' हें वाक्य आपण सर्वांनीं कोठें ना कोठें ऐकलें आहे. ज्या गोष्टीचा तें पुरावा म्हणून उपयोग करतें, तीच गोष्ट नेमकी उलट सिद्ध करते. तोंड पाडणें जेथें शक्य होतें, त्या जागेवर माणसाचा विश्वास असतो. घरांतला नोकरदार मुलगाहि असाच गप्प होऊन येतो. फरक एवढाच, कीं त्याच्या गप्प बसण्याला आपण 'थकला बिचारा' म्हणतों.

सुनेचा विचार करतांना सासूला गुन्हेगार ठरविण्याची एक पद्धत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. उलट भावश्रम हा शब्द निघण्याच्या कितीतरी आधीं ते कोणीं केले असतील तर तिनें. चाळीस वर्षें आलेल्या प्रत्येकाचें हंसून स्वागत, दिराच्या रागाला हंसून उत्तर, नणंदेच्या बोलण्याकडे हंसून काणाडोळा; रजा नाहीं, पगार नाहीं, निवृत्ति तर नाहींच. सून नोकरीवर गेल्यापासून दिवसभर दार उघडण्याचें काम पुन्हां तिच्याकडेच आलें आहे. सहा वाजतां दोघी एकमेकींसमोर येतात, तेव्हां दोघींच्याहि पाळ्या एकदमच संपलेल्या असतात आणि दोघींनाहि वाटत असतें कीं समोरचीनें आतां थोडें हंसावें. अशा वेळीं चहाचें आधण कोणीं ठेवावें, याचें उत्तर त्या दोघींना सोडून घरांतल्या उरलेल्या माणसांपैकीं कोणाकडे तरी असलें पाहिजे. तो बहुधा त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो.